घरचा शिधा घेऊन कॅरॅव्हॅनने सरहद्दी ओलांडताना: उदगीरहून युरोपला निघणाऱ्यांसाठी

लेक आणि जावई जर्मनीत असतात. त्यांच्याबरोबर आम्ही दोघं दोन वेळा मोटारहोमने, म्हणजे आतच राहायची-रांधायची सोय असलेल्या गाडीने, फिरलो. पहिल्या वेळी जर्मनी, स्वित्झर्लंड, इटली, ऑस्ट्रिया असा फेरा झाला. दुसऱ्या वेळी फ्रान्समार्गे इंग्लंडला जाऊन आलो. पहिल्या वेळी उतरलो त्या विमानतळावर माझ्या बॅगेतलं किलोभर घरचं तूप आणि दोन डबे पेढे काढून घेतले. तूप मी स्वतः कढवलं होतं, चार दिवसांची साय साठवून. अधिकारी उद्धट नव्हते, पण डोळ्यांदेखत ते पिंपात गेलं आणि माझ्या पोटात कालवलं. काय चालतं आणि काय नाही हे मला निघण्याआधी कुणी नीट सांगितलं असतं, तर ते तूप आज माझ्या नातवंडांच्या पोटात गेलं असतं. म्हणून हे लिहिते आहे.

लातूर, नांदेड, बीड, परभणीकडची बरीच मुलं आता तिकडे आहेत आणि आईवडील उन्हाळ्यात जातात. आपल्याकडे वाळवणाचा हंगाम तोच, तिकडे फिरायचा हंगामही तोच. त्यामुळे डबे भरून नेण्याचा मोह होणारच. न्याच, पण पुढचं वाचून न्या.

१. आधी नियमाचं मूळ समजून घ्या

यादी पाठ करण्यापेक्षा हे कळलं की निम्मी कामं सोपी होतात. युरोपियन संघाला बाहेरच्या देशातून येणाऱ्या तीन गोष्टींची धास्ती असते: दूध, मांस आणि जिवंत वनस्पती.

दूध-मांसाचं कारण आपल्याला परकं नाही. ज्यांच्या गोठ्यात जनावरं आहेत त्यांना लाळ्या-खुरकूत काय असतो हे सांगायला नको. जर्मनीत हा रोग १९८८ नंतर एकदम जानेवारी २०२५ मध्ये सापडला, बर्लिनजवळच्या म्हशींच्या एका कळपात. त्याच वर्षी मार्चमध्ये हंगेरी आणि स्लोव्हाकियातही तो निघाला. रोगाचे विषाणू दुधात, मांसात टिकून राहू शकतात. आपल्या देशात हा रोग अजून आहे. त्यामुळे आपल्याकडून येणारं दूध आणि दुधाचा कुठलाही पदार्थ, अगदी तूपसुद्धा, तिथे चालत नाही. किती चालतं, असा प्रश्नच नाही. पाव किलोही नाही.

भाजीपाल्याचं कारण कीड. ताजं फळ, पाला, पेरलं तर उगवेल असं दाणं, यांच्याबरोबर माशी, अळी, बुरशी जाते. १४ डिसेंबर २०१९ पासून युरोपियन संघात बाहेरून येणाऱ्या जवळजवळ सगळ्या ताज्या फळभाज्यांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. अपवाद फक्त पाच फळांचा: अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन.

म्हणजे भाजलेलं, दळलेलं, वाळवलेलं आणि दूध-मांस नसलेलं, ते साधारण चालतं. आपल्या मराठवाड्याच्या शिध्यातला मोठा वाटा नेमका असाच आहे.

२. डबे भरताना काय घ्यायचं

माझ्या दोन्ही वेळच्या बॅगा आठवून सांगते.

येसर पहिल्यांदा. गहू, हरभऱ्याची डाळ, धने, मसाला सगळं भाजून दळलेलं असतं, त्यात उगवण्यासारखं काही उरत नाही. गाडीतल्या छोट्या शेगडीवर पाणी उकळलं, फोडणी दिली, येसर कालवून सोडलं की दहा मिनिटांत आमटी होते. दिवसभर गाडी चालवून संध्याकाळी मुक्कामाला पोहोचल्यावर याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. चार माणसांना दहा दिवसांसाठी मी किलोभर नेलं आणि पुरून उरलं.

ज्वारीचं पीठ न्या, ज्वारी नको. मालदांडीचं पीठ निघायच्या दोन-तीन दिवस आधीच दळून आणा आणि पूर्ण गार झाल्यावरच पिशवीत भरा. गरम पीठ कोंडलं की घाम धरतं आणि कडवट होतं. पीठ जुनं झालं की विरी जाते, भाकरी थापताना कडा चिरतात. तसं झालं तर उकळतं पाणी घालून उकड काढून मळा, भाकरी जमते. तिथल्या भारतीय दुकानांत ज्वारीचं पीठ मिळतं, पण ते कधी दळलंय ते कळत नाही.

शेंगदाण्याची, जवसाची, कारळाची चटणी, लसणाचं कोरडं तिखट, मेतकूट, पापड, कुरडया, सांडगे, हाताच्या शेवया, गूळ, चिंच, तूरडाळ, हे सगळं मी नेलं आहे. पापड-कुरडया फक्त जागा खातात, वजन कमी भरतं.

प्रवासातल्या दशम्यांबद्दल वेगळं सांगते. आपण दशमी दुधात भिजवतो, म्हणूनच ती टिकते आणि मऊ राहते. परदेशी जाताना गुळाच्या पाण्यात भिजवा. धपाट्यांतही दही घालू नका. विमानात खाऊन संपवणार असाल तर हरकत नाही, पण उतरताना उरलेला दह्या-दुधाचा घास पिशवीत ठेवू नका.

बेसनाचे लाडू नेऊ का, असं मला बरेच जण विचारतात. बिस्किटं, केक, चॉकलेट, गोळ्या अशा पदार्थांना नियमात सूट आहे. पण घरच्या लाडवात तूप किती हे समोरच्या अधिकाऱ्याला कळायला काही मार्ग नसतो आणि निर्णय तोच घेणार असतो. मी नेत नाही. तिथे गेल्यावर बटरश्माल्त्स नावाने कढवलेलं लोणी कुठल्याही जर्मन दुकानात मिळतं, त्यात लाडू वळते. चव घरच्या तुपाच्या बरीच जवळ जाते.

३. काय नेऊच नका

तूप, पेढे, खवा, बासुंदी, श्रीखंड, दुधाची पावडर, चक्का, पनीर. मटणाचं, चिकनचं काहीही, त्यांचं लोणचंसुद्धा. मासे मात्र चालतात. वाळवलेले मासे, सुकट वगैरे धरून माणशी २० किलोपर्यंत. मध माणशी २ किलोपर्यंत.

कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, आलं, लिंबं, मेथीची जुडी, आंबे. आपल्या मराठवाडा केशरला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मलाही अभिमान आहे. पण लेकीसाठी दोन डझन आंबे बॅगेत घालणं म्हणजे ते गमावणं. कढीपत्ता सावलीत वाळवून पूड करा आणि चटणीतच घाला.

मोड आणायला मटकी, मूग, हुलगे नेऊ नका. मोड येतात म्हणजे ते जिवंत बी आहे, हे आपणच दाखवून देतो. सालासकट गहू तर अजिबात नको. त्यावर आपल्या देशाचं नाव घेऊन वेगळा नियम आहे, कारण काजळीसारखा दाण्यांचा रोग तिकडे जाईल ही भीती. डाळ आणि पीठ न्या.

सुक्या खोबऱ्याची वाटी विमान कंपन्या घेत नाहीत. तेल जास्त असल्यामुळे ती पेटण्याच्या धोक्याच्या मालात मोडते. म्हणजे ताजा नारळ युरोपच्या नियमात बसतो आणि खोबरं आपल्याच विमानतळावर अडकतं. खोबरं भाजून मसाल्यात वाटूनच टाका.

खसखशीचा सापळा. मुंबई किंवा हैदराबादहून आखातात विमान बदलून जाणारे बरेच असतात. संयुक्त अरब अमिरातीत खसखस बंद आहे आणि तिकडे तो अमली पदार्थांचा विषय होतो. अनारसे, काही गोडे मसाले, काळे मसाले यांत खसखस असते. दुबईत दोन दिवस थांबून फिरायचं ठरलं असेल तर मसाला करतानाच खसखस वगळा. यात थोडाही धोका पत्करू नका.

४. बांधणी आणि चिठ्ठ्या

इथे वेळ घालवा. माझ्या अनुभवात अर्धी भांडणं इथेच टळतात.

प्रत्येक जिन्नस वेगळ्या पारदर्शक पिशवीत, हवा काढून बंद केलेला. लातूर-संभाजीनगरला असं पॅकिंग करून देणारी दुकानं आहेत. पिशवीवर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत चिठ्ठी: पदार्थाचं नाव, आत काय आहे ते, आणि शेवटी 'नो मिल्क, नो मीट'. येसरावर आम्ही भाजलेलं गव्हाचं आणि हरभऱ्याचं पीठ, मसाले असं लिहिलं होतं. मेतकूट, पापडखार, हिंग यांच्या चिठ्ठ्या विसरू नका. बिनानावाची पिवळी-पांढरी पूड कुठल्याही अधिकाऱ्याला थांबवतेच.

सगळं खाद्य एकाच बॅगेत ठेवा. चार बॅगांत वाटून ठेवलं तर चारही उघडाव्या लागतात. लोणचं आणि तेलाच्या चटण्या हातातल्या बॅगेत ठेवू नका, त्या सामानात द्या. एका बॅगेला बहुधा २३ किलोची मर्यादा असते, म्हणून घरच्या काट्यावर आधीच वजन करा. आमच्या इथून रेल्वेने मुंबई गाठेपर्यंत मे महिन्यात डब्यात भट्टी होते. लोणच्याचं तेल पातळ होऊन झाकणातून निघतं. बरणीच्या तोंडाला आधी प्लास्टिक, वर झाकण, मग चिकटपट्टी आणि दोन पिशव्या.

५. बरोबर ठेवायची कागदपत्रं

- पासपोर्ट, शेंगेन व्हिसा आणि किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा. इंग्लंडला जाणार असाल तर तिथला व्हिसा वेगळा.
- खाद्यपदार्थांची इंग्रजीतली यादी, वजनासकट, दोन प्रती.
- विकतच्या पदार्थांची बिलं.
- तान्हं बाळ असेल तर बाळाच्या दुधाचा डबा कंपनीचा, सीलबंद, फ्रिजशिवाय टिकणारा, २ किलोपर्यंत. आजारी माणसाच्या खास आहारालाही हीच सवलत आहे. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत घ्या.
- गाडी भाड्याची असेल तर करारपत्र. कुठल्या देशांत न्यायची परवानगी आहे ते त्यात लिहिलेलं असतं, नीट वाचा.
- चालवणाऱ्याचा परवाना, आणि तो भारतीय असेल तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना.

६. विमानतळावर

हिरवी वाट म्हणजे सांगण्यासारखं काही नाही. लाल वाट म्हणजे माझ्याकडे काही आहे, बघा. मनात शंका असेल तर लाल वाटेने जा. पहिल्या वेळी आम्ही हिरव्या वाटेने गेलो आणि थांबवलं गेलो. दुसऱ्या वेळी लाल वाटेने गेलो, यादी पुढे केली, त्या बाईंनी दोन पिशव्या उचलून चिठ्ठ्या वाचल्या आणि पाच मिनिटांत सोडलं. आपणहून दाखवलेल्या गोष्टीत बहुतेक वेळा फार तर ती वस्तू जाते. लपवलेली सापडली तर दंडाचा विषय येतो.

भेटवस्तूंची किंमतही लक्षात ठेवा. विमानाने येणाऱ्या प्रौढाला ४३० युरोपर्यंतचा माल करमुक्त नेता येतो, रस्त्याने शिरताना ती मर्यादा ३०० युरो आहे.

७. गाडी एका देशातून दुसऱ्या देशात जाते तेव्हा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. शेंगेन म्हणजे ज्या देशांमध्ये एरवी पासपोर्ट न दाखवता जाता येतं, तो गट. पण खाण्यापिण्याचे नियम शेंगेनवर नाही, युरोपियन संघावर चालतात. दोन्हींचे नकाशे एकसारखे नाहीत.

जर्मनी, फ्रान्स, इटली, ऑस्ट्रिया हे संघातले देश. यांच्यामध्ये स्वतःच्या खाण्यासाठी तिथेच घेतलेलं दूध, दही, चीज, काहीही न्या. कुणी विचारत नाही.

स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, संघात नाही. त्यामुळे नाक्यावर सीमाशुल्कवाले उभे असतात. संघातून जाताना माणशी दिवसाला १ किलो मांस, १ किलो लोणी-साय, ५ लिटर तेल एवढं करमुक्त. एकूण मालाची मर्यादा १ जानेवारी २०२५ पासून माणशी ३०० वरून १५० फ्रँकवर आली आहे. जर्मनीतून शिरताना, स्वित्झर्लंड महाग म्हणून, आपण आठवड्याचा बाजार भरतो, तेव्हा हा आकडा लक्षात ठेवा.

बासेलच्या नाक्यावर आम्हाला बाजूला घेतलं. अधिकाऱ्याने फ्रिज उघडला, लोण्याचे पुडे मोजले, चार माणसांत दोन, ठीक. मग वरच्या कपाटातली येसराची पिशवी काढली, काचेसमोर धरून हलवली, चिठ्ठीवर बोट फिरवत एकेक शब्द वाचला आणि लेकीला जर्मनमध्ये विचारलं, 'याचं सूप होतं का?' ती हो म्हणाली. त्याने पिशवी होती तिथेच परत ठेवली, दार लावलं, आणि हाताने पुढे जा म्हणाला. चिठ्ठी नसती तर काय झालं असतं हा विचार मी ल्युसर्न येईपर्यंत करत होते. स्वित्झर्लंडमधून परत संघात येताना दूध-मांसाची अडचण नाही, त्या देशाला सूट आहे.

सर्बिया, बोस्निया, तुर्कस्तान अशा देशांत जाऊन परत संघात शिरणार असाल तर फ्रिजमधलं दूध-चीज आधी संपवा. ते जर्मनीतच घेतलं होतं हे सांगून उपयोग नाही. तुम्ही आता कुठल्या देशातून आत येताय, एवढंच पाहिलं जातं.

८. इंग्लंडची खाडी ओलांडताना

इथे दोन्ही बाजू कडक आहेत. १ जानेवारी २०२१ पासून इंग्लंड संघाच्या व्यवस्थेबाहेर गेलं, त्यामुळे तिकडून फ्रान्समध्ये येताना दूध, चीज, मांस बंद. सँडविचमधलंसुद्धा. आणि १२ एप्रिल २०२५ पासून संघातून इंग्लंडला जातानाही गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर यांचं दूध-मांस बंद झालं, तेही लाळ्या-खुरकुतामुळेच. दुकानातून बिलासकट सीलबंद घेतलेलंही नाही. सापडलं तर ते जप्त होतं, आणि गंभीर बाब असेल तर ५,००० पाउंडांपर्यंत दंड होऊ शकतो. ब्रेड, बिस्किटं, केक, चॉकलेट, शेवयांसारखे पदार्थ, बाळाचं दूध यांना सूट आहे.

आमची युक्ती सांगते. कॅले या फ्रान्सच्या बंदराच्या आदल्या मुक्कामी फ्रिज रिकामा करायचा. उरलेल्या दह्याची कढी, दुधाचा चहा आणि शेवयांची खीर. सकाळी फ्रिज पुसून कोरडा केला आणि फक्त पाणी, फळं, चटण्या घेऊन निघालो. डोव्हरला उतरल्यावर पहिल्या दुकानातून दूध घेतलं. मुलांसाठी पूड-दुधाचा चहा लागेल म्हणून पावडर ठेवू नका, तीही दूधच.

बोटीवर चढताना गॅसची टाकी बंद करावी लागते. तुमचा फ्रिज गॅसवर चालत असेल तर तो थांबतो. दीड तासाचा प्रवास असला तरी रांगेतला वेळ धरा.

९. गाडीत रांधताना

बहुतेक गाड्यांत दोन किंवा तीन चुली असतात, लहान आणि जवळजवळ. तीन लिटरचा कुकर आणि एक छोटा तवा एवढंच बसतं. इंडक्शन नेणार असाल तर आधी मुक्कामाच्या जागेला विचारा की वीज किती अँपिअर. ६ अँपिअर असेल तर २३० व्होल्टला १,३८० वॉट एवढंच ओढता येतं. २,००० वॉटचं इंडक्शन लावलं की फ्यूज उडतो आणि रात्री दहाला कुणाला शोधत फिरायचं?

भाकरी बाहेर करा, गाडीत नको. धुराची घंटा वाजते आणि पीठ गाद्यांत जाऊन बसतं. आम्ही घडीच्या टेबलावर परात ठेवून भाकरी थापायचो, बाजूच्या गाडीतले डच आजी-आजोबा खुर्च्या वळवून बघत बसायचे. त्यांना गरम भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दिली. तळण गाडीत टाळा. पापड भाजून खा.

जर्मनीत बऱ्याच मुक्कामांवर दुपारी साधारण १ ते ३ शांतता पाळतात. त्या वेळी कुकरच्या शिट्ट्या नकोत. डाळ सकाळीच शिजवून घ्या. तेलकट पाणी गटारात ओतू नका, भांडी कागदाने पुसून मग धुवा. ठरलेल्या ठिकाणीच सांडपाणी सोडायचं असतं.

१०. वजन आणि उरलेलं

साध्या कार परवान्यावर ३.५ टनांपर्यंतची गाडी चालते आणि त्यात पाणी, माणसं, सामान, शिधा सगळं आलं. पाण्याची टाकी १०० लिटरची असेल तर भरल्यावर १०० किलो. दहा किलो पीठ, पाच किलो डाळी म्हणजे काही नाही असं वाटतं, पण काटा तेवढ्याने सरकतो. सगळ्यात जड डबे खाली, चाकांच्या जवळ ठेवा. वरच्या कपाटात बरण्या नकोत. आमची तेलाची बरणी स्वित्झर्लंडमधल्या गॉटहार्ड घाटाच्या उतारावर खाली आली आणि हळदीचे डाग गाडीवाल्याच्या गादीला लागले, भरपाई द्यावी लागली.

गाडी परत देताना कपाटं रिकामी लागतात. उरलेली डाळ, पीठ, चटण्या लेकीकडे ठेवून आलो. दुसऱ्या वेळी गेले तेव्हा मागच्या वर्षीच्या येसराची अर्धी पिशवी तिच्या कपाटात तशीच होती, चिठ्ठीसकट. वास बदलला नव्हता, मुंग्या नव्हत्या. त्याच संध्याकाळी आमटी केली.